पुनवेचा हंस

हिंगणवाडी
मार्गशीर्ष पुनव, शनिवार

तुळशीराम,

आशीर्वाद. तो घातल्याशिवाय पत्र सुरू होत नाही म्हणून घातला.

काल कोतवालानं दवंडी पिटली. पौषाच्या पुनवेले साहेबाची शिकार आपल्या तलावावर. त्या दिवशी माणूस, ढोर, कोणी पाण्यात उतरायचं नाही. उतरला त्याले धरून मेहकरच्या कचेरीत नेणार. आपल्या भोईवाड्यात मेला मुद्दाम दोनदा फिरला. मी म्हटलं, "आमचे कान ठीक आहेत बाप्पा, एकदा सांगितलेलं समजते." तर म्हणे, "सोजराबाई, हे तुमच्याचसाठी आहे."

शिकारीसाठी कोंबड्यांची मागणी पाटलाच्या घरी आली, अन् पाटलाच्या घरून आमच्या घरी आली. वामनराव पाटील आपल्या खुराड्यातली एक काढीन तर शपथ.

साहेबाले ही जागा कोणी दाखवली ते मले माहीत आहे. गुदस्ता तूच घेऊन आला होतास त्याले, लाल साफा बांधून, कमरेले पट्टा लावून. साहेबाचा शिकारी! मी स्वतः दोन इयत्ता शिकली, त्याही मास्तरले माह्या बापाच्या हातचे मासे आवडत म्हणून. तुले मी चार शिकवल्या. त्या चारीचा उपयोग काय झाला, तर बदकं कोणत्या कोपऱ्यात उतरतात ते साहेबाले बोट करून दाखवायचा.

ते असो. त्यापायी कडूबानं तुले तलावाच्या पाळीवर साऱ्या गावासमोर बडवलं, तू बुलढाण्याले निघून गेलास, तेव्हापासून तोंड दाखवलं नाही. काका-पुतण्यानं एकमेकाचं तोंड पाह्यलं नाही म्हणून माह्या घशाखाली भाकर उतरत नाही असं काही नाही. मी दुसऱ्या कामासाठी लिहून राह्यली.

पौषाची पुनव म्हणजे काय हे तुले सांगावं लागू नये, पण साहेबाचं मीठ खाऊन विसरला असशीन म्हणून सांगते. त्या दिवशी तलावातला एक हंस हातानं धरायचा. जित्ता, पंखाले इजा न करता. पाळीखाली सात आसरांचे, पाण्यातल्या देवींचे, दगड आहेत, त्यायच्यापुढं त्याच्या पायाले हळद-कुंकू लावायचं अन् सोडून द्यायचा. तुह्या आज्यानं केलं, तुह्या बापानं केलं, तो गेल्यावर कडूबा करते. गुदस्ता तुह्या बंदुकांपायी झालं नाही. फाल्गुनात कोकिळाच्या पोटचं पोरगं मेलेलं आलं. मी म्हणते, ती तापानं फणफणली होती, पोरगं त्यानं गेलं. कडूबा म्हणते, आसरा कोपल्या. अन् त्यापुढं म्हणते, तुळश्यानं माहं लेकरू खाल्लं.

आता कोकिळाले पुन्हा दिवस आहेत. सातवा सरत आला. कडूबा म्हणते, यंदा आभाळ फाटलं तरी हंस धरीन. तू त्याले ओळखतोस. तो पाण्यात जाणार अन् पाळीवर बंदुका राहणार.

म्हणून सांगते, साहेबाले दुसरा दिवस दे, नाही तर दुसरं पाणी दे. लोणारच्या खाऱ्या पाण्यावर बदकं नाहीत काय? तठी ने.

अन् एक विचारायचं राह्यलं. मडक्यांचं साहेबाले सांगितलं नसशीन. नसशीन ना? त्याले वाटू दे की पाण्यावर तरंगतात ती मडकी म्हणजे आपल्या शिंगाड्याच्या वेलांच्या खुणा. पाखरांले सवय व्हावी म्हणून ती दिवाळीपासून पाण्यात सोडायची, अन् मंग त्यातल्याच एका मडक्यात डोकं घालून, दोन भोकांतून पाहत, गळ्याइतक्या पाण्यातून पाखरांच्या मधात जायचं अन् पाण्याखालून पाय धरायचे, हे भोयाच्या घराबाहेर गेलेलं नाही. तुह्या तोंडून गेलं असलं, तर कडूबानं तुले मारलं ते कमीच मारलं.

पत्र गाडीवाल्या कय्यूमच्या दमणीत देते. तो आपले शिंगाडे अन् मासे घेऊन बुलढाण्याच्या बाजाराले येतेच. पोस्टातलं पत्र आधी मुलूख वाचते अन् मंग ज्याचं त्याले भेटते.

तुही आजी
सोजराबाई


मार्गशीर्ष वद्य नवमी

तुळशीराम,

आशीर्वाद. तुहं पत्र भेटलं. कय्यूम म्हणे, "माय, लडका सूख गया है." मी म्हटलं, साहेबाच्या घरचं खाऊन सुकते, तर आपल्या घरचं खाऊन काय फुगत होता?

तू लिहितोस, "आजी, तलाव सरकारी आहे. सरकारी म्हणजे सगळ्यांचा. साहेब परवाना काढून शिकार करतात." बरं. सगळ्यांचा, तर त्या सगळ्यांत कडूबा नाही काऊन? गाळ काढायचा असला की तलाव गावाचा. पावसात पाळ फुटली की रात्रभर माती टाकायले तो भोयाचा. अन् बदकं उतरली की सरकारचा. असा तलाव मी पाह्यला नाही बापा, पाखरू पाहून मालक बदलते.

दिवस बदलणार नाही, कारण नागपूरहून पाहुणा येते अन् त्याची रजा तेवढीच. लोणार जमणार नाही, कारण पाहुण्याच्या नाकाले खाऱ्या पाण्याचा वास सोसत नाही. त्याच्या नाकापायी आमच्या घरचा माणूस मरू दे.

तू म्हणतोस, बंदुका पाळीवरच राहतीन, पानकणसाचं उंच गवत आहे त्या कोपऱ्याकडे कोणी फिरकणार नाही, तेवढं तू पाहशीन. अन् मडक्यांचं कोणापाशी बोलला नाहीस. हे वाचून मले बरं वाटलं. ते तुले कळवणार नव्हती, लिहून गेलं.

तुहं पत्र मी मोठ्यानं वाचलं, ही चूक झाली. कडूबा आला अन् म्हणे, "माय, त्या हरामखोराचं पत्र माह्या घरात वाचू नोको."

मी म्हटलं, "घर माहं आहे. तुले ऐकायचं नसलं तर बाहेर बस."

तो बाहेर बसला, पण दाराले टेकून बसला. कोपऱ्याचं वाचलं तसा आतमध्ये आला. म्हणे, "बंदुका पाळीवर? मंग कोपरा मोकळा आहे. आवाजानं सारे हंस तठीच येऊन बसतीन. चांगलंच झालं."

म्हणजे तू जे आम्हाले वाचवायले लिहिलं, त्यानंच त्याले जोर आला. कोकिळा चुलीपाशी होती. तिनं भाकर थापता थापता हात थांबवला.

पाळीवरून कोपऱ्यापर्यंत छर्रा येते का, ते लिही. खरं लिही. साहेबाले सांगतो तसं मले सांगू नोको.

सोजराबाई


पौष शुद्ध अष्टमी

तुळशीराम,

काल तू आला होतास. राहुट्यांच्या गाड्या आल्या, पाटील पुढं पुढं नाचला, अन् तू पाळीवर पळसाच्या फांद्यांचे आडोसे बांधत फिरत होतास. मी गोवऱ्या थापत होती तठून तुहा साफा दिसला. घर तठून हाकेवर आहे. आला नाहीस. नाही तर नाही. तुह्यासाठी चूल पेटवून ठेवली होती असं समजू नोको, ती आमच्यासाठीच पेटली होती.

पण आडोसे मी पाह्यले. पाळीवर आहेत ते समजले. पानकणसाच्या कोपऱ्यात बांधला तो कोणासाठी? तू लिहून दिलं होतंस की कोपऱ्याकडे कोणी फिरकणार नाही. त्या आडोशातून दगड फेकला तर मडक्याले लागते, मंग बंदुकीचं काय विचारायचं?

मी तरातरा निघाली होती, कोकिळानं हात धरला. म्हणे, "तुम्ही गेल्या तर भांडण होईन, मी जाते." घागर घेऊन ती आली होती, एवढं पोट सांभाळत. तिनं तुले काय म्हटलं अन् तू तिले काय म्हटलं ते तिनं मले येऊन सांगितलं.

"तुळशीराम, हा आडोसा काऊन?"

"काकी, पाहुण्याले कोपराच पाह्यजे. मी नोकर आहे."

"मंग तुह्या काकाचं काय?"

"काकाले समजाव. आसरांले पुढच्या वर्षी दोन हंस दे म्हणा."

"पुढच्या वर्षी मी असीन काय?"

यावर तू खाली पाहून फांदी सोलत बसलास म्हणे. मंग तिनं घागर उचलली तवा म्हटलंस, "पाहुण्याच्या आडोशात मीच राहणार आहे काकी. त्याच्या बाजूले. काडतुसं माह्यापाशी राहतीन."

हे ऐकून कोकिळाचा जीव थोडा ठिकाणावर आला. माहा नाही आला. बंदूक त्याची, बोट त्याचं, तू बाजूले राहून काय करशीन? काडतूस देणार नाही म्हणशीन? त्यानं मागितलं की तुहा हात आपोआप पुढं होईन. नोकरीत हातालेच आधी सवय लागते.

कडूबाले आडोसा दिसला नसता तर बरं होतं, पण त्याले आंधळं व्हायची सवय नाही. पाळीवर उभा राहून पाहत होता. घरी येऊन मडक्याले भोकं पाडत बसला. मी म्हटलं, "कोपऱ्यात बंदूक बसणार आहे."

"पाह्यलं."

"मंग?"

"मंग काय? माणसाले घाबरून आसरांले उपाशी ठेवू?"

"आसरा पाण्यात राहतात, उपाशी कशानं मरतीन? छर्रा तुले लागला तर कोकिळा कोणाच्या दारात बसीन?"

"छर्रा त्या तुळश्याच्या हातून लागला तर लागू दे. एकदा माहं लेकरू नेलं, आता मले ने म्हणा."

मी मडकं त्याच्या हातातून घेतलं अन् उंबऱ्यावर आपटलं. तो उठला, कुंभारवाड्यात गेला, दुसरं घेऊन आला. तुह्या आज्याचा असाच स्वभाव होता. मले वाटलं होतं तो मेला की सुटीन, तर दोन ठिकाणी ठेवून गेला, एक कडूबात अन् एक तुह्यात.

सोजराबाई


पौष शुद्ध चतुर्दशी

तुळशीराम,

घाईत लिहून राह्यली. कय्यूम साहेबाच्या खानसाम्याले मासे द्यायले तळावर येऊन राह्यला, त्याच्या हाती देते. वाचून फाडून टाक.

कडूबा कबूल झाला. आज गोजरबाईले मी घरी आणलं. भोईवाड्यात तिच्याहून जुनं माणूस नाही, तिनं सांगितलं की अडचणीच्या वर्षी नारळ फोडला तरी आसरा मान घेतात. मंग मी त्याले कोकिळाच्या पोटावर हात ठेवून शपथ घ्यायले लावली. घेतली. म्हणे, "उद्या पाण्यात जाणार नाही. तूर कापायले जातो."

मडकी काढून टाका असा कोतवालाले हुकूम झाला होता. थंडी पाहून मेल्यानं काठाकाठानं हाताले आली तेवढी काढली अन् बाकीची राहू दिली. राहू दे. त्यायच्या खाली उद्या कोणी नाही.

तू तुहं काम कर. कडूबा इतक्या लवकर कबूल झाला हे मले थोडं खटकते, पण लेकराच्या शपथेवर माणूस खोटं बोलत नाही. निर्धास्त राह्य.

सोजराबाई


पौष अमावस्या

तुळशीराम,

आशीर्वाद. तू मलकापूरले कपाशीच्या प्रेसमधे लागलास हे कय्यूमनं शोधून काढलं. त्याचा मेव्हणा तठी गाडी हाकते. नाही तर आम्ही तुले विहिरी-विहिरीत शोधून राह्यलो होतो. निरोप धाडायले हात मोडले होते काय?

तुह्या बाजूनं काय झालं ते तुले माहीत. तू त्याच पावली गेलास म्हणून माह्या बाजूचं तुले माहीत नाही. ते ऐक.

बाया-पोरांले कोतवालानं बाभळीखाली बसवलं होतं. कडूबा पहाटेच विळा घेऊन तुरीत गेला होता, मी स्वतः त्याले भाकर बांधून दिली. सूर्य वर आला अन् पाळीवरच्या बंदुका सुरू झाल्या. तलाव उठला. दुसरा शब्द नाही त्याले, सारा तलाव उठला अन् आभाळात गेला. बदकं खाली पडत अन् साहेबाची कुत्री पाण्यात उड्या टाकत. पोट्टे टाळ्या वाजवून राह्यले होते. मी त्यायले दोन-चार धपाटे घातले.

मंग जरा थांबलं. हंस घिरट्या घालून कोपऱ्यात उतरू लागले, कडूबा म्हणत होता तसेच. पाहुणा तुह्या आडोशातून उभा राह्यला, तांबडं तोंड, हसत होता. त्याले पाखरं जवळ यायची वाट पाहवेना, म्हणून त्यानं आपलं एक मडकं फोडलं. ठो, अन् खापर उडालं. पाळीवरून साहेब हसला. पाहुण्यानं दुसरं फोडलं. तू मागे काडतुसाची पिशवी घेऊन उभा होतास, हललाही नाहीस. मले राग नाही आला. तुले मीच लिहिलं होतं की खाली कोणी नाही.

मी म्हटलं, थांबलं आहे तवर नारळ फोडून येऊ. आसरांच्या दगडांपाशी गेली. दगडामागं कडूबाचं धोतर घडी करून ठेवलं होतं. त्यावर विळा. अन् समोरच्या पानावर हळद-कुंकू काढून तयार.

तुळशीराम, माह्या तोंडाले अख्खं गाव भेते. कोतवाल भेते, वामनराव पाटील रस्ता बदलते. त्या वेळी माह्या तोंडातून आवाज निघाला नाही. निघाला नाही म्हणजे मी विचार करत उभी राह्यली. ओरडलं तर कडूबाले धरतात अन् मेहकरले नेतात, मडक्याचं साऱ्या जिल्ह्याले कळते, तलाव कायमचा जाते. नाही ओरडलं तर कदाचित पाहुणा चहाले जाईन अन् कडूबा कोपऱ्यातून निघून येईन. मी हे सारं तोलत होती. नारळ हातात. अन् पाण्यावर मडकी तरंगत होती, कोणत्या मडक्यात माहा पोरगा आहे ते मले समजत नव्हतं.

मंग समजलं. एका मडक्यापाशी हंस पंख मारू लागला. मोठा, डोक्यावर काळे पट्टे असलेला. पंख मारते अन् उठत नाही. पाणी फेकते, मान वर करते अन् उठत नाही. कडूबानं पाय धरले होते. पाहुण्याले वाटलं, जखमी आहे. त्यानं बंदूक खांद्याले लावली.

अन् तुहा आवाज आला.

शाळेत हजेरी द्यायचास तवा मास्तर म्हणे, याच्या तोंडात काय भरलं आहे? असा तुहा आवाज. त्या दिवशी तो मले पाळीच्या ह्या टोकाले ऐकू आला. "माणूस आहे! खाली माणूस आहे! माहा काका आहे!" एका हातानं तू नळी वर ओढली होतीस, तापलेली असणार, चटका बसला असणार. बार झाला. मडकं फुटलं. मी डोळे मिटले नाहीत, उघडे ठेवले, मेला असला तर दिसला पाह्यजे म्हणून. खापरांतून कडूबाचं डोकं वर आलं, कानावरून रक्त, अन् तरीही हात पाण्याखाली. मंग त्याची मूठ सुटली. हंस उडाला. आपल्या डोक्यावरून गेला, पाय खाली लोंबत होते.

पाहुण्यानं तुले बंदुकीच्या दस्त्यानं मारलं तेही पाह्यलं. साहेबानं तुहा साफा काढून घेतला, पट्टा काढून घेतला, तेही पाह्यलं. तू उठलास, तोंडावरचं रक्त बाहीनं पुसलंस अन् पाळीवरून मावळतीकडे चालू लागलास. मी तवा हाक मारली. तवा माहा आवाज निघाला, पण तू थांबला नाहीस.

आता इकडचं. कडूबाले मेहकरले नेलं, कोठडीत ठेवलं अन् काही दिवसांनी कागद न करता सोडून दिलं. कय्यूम म्हणते, कागद केला असता तर त्यात पाहुण्याचं नाव लिहावं लागलं असतं. कानाचा वरचा तुकडा गेला. ऐकू येते. जे ऐकायचं नाही ते त्याले आधीही ऐकू येत नव्हतं. कोतवालानं सारी मडकी फोडली, यापुढं एकही दिसलं तर शिंगाडेसुद्धा लावू देणार नाही म्हणतात. पाहू.

घरी आल्यावर कडूबा काय बोलला विचारशीन, तर पह्यलं वाक्य, "त्यानं बोंबलून माहा हंस उडवला."

मी म्हटलं, "अन् नसता बोंबलला तर?"

तो जेवत होता. जेवत राह्यला.

पाणी बदललं की खोकला होते तुले. मलकापूरचं पाणी उकळून पी.

सोजराबाई


माघ वद्य चतुर्थी

तुळशीराम,

आशीर्वाद. तुहं पत्र वाचलं. "मी गावाले येणार नाही, मडक्याचं माह्या तोंडून फुटलं, भोईवाड्याले तोंड दाखवू कसं." चार इयत्ता शिकून असं लिहितोस. जे तोंड दाखवायची लाज वाटते त्याच तोंडानं माहा पोरगा जित्ता आहे.

भोईवाड्याचं ऐक. तू गेल्यापासून अठी एकच खल चालला होता, आसरांचा मान झाला का नाही. एक जण म्हणे हंस धरला होता, म्हणजे झाला. दुसरा म्हणे कुंकू लागलं नाही, म्हणजे नाही झाला. तिसरा म्हणे कडूबाचं रक्त त्याच्या पंखाले लागलं, लालच लागलं ना? पंचायत बसली, तंबाखू संपली, निकाल नाही. कोकिळाचे दिवस भरत आले होते अन् कडूबा रात्री उठून तिचा श्वास पाहे. मले वाटे झोपला, तर बसून राह्यलेला.

शेवटी गोजरबाईले आणलं. ती म्हणे, "हंस सोडायचा असते ना? मंग सुटला. कडूबानं सोडला का पोट्ट्यानं सोडवला, याचा हिशेब आसरा कशाले ठेवतीन? त्याच्या घरचाच होता ना तो ओरडणारा?" कडूबा उठून गेला.

काल पहाटे कोकिळा मोकळी झाली. पोरगी आहे. जित्ती आहे. असं रडते की पाटलाच्या वाड्यातून माणूस पाहायले आला. कडूबा दाराबाहेर उभा होता. सुईण म्हणे, "ये, पाह्य." तो येईना. म्हणे, "थांब, थोडं रडू दे, ऐकतो." तापलेल्या तव्यासारखं त्याचं तोंड, अन् डोळ्यांतून पाणी. मी पाठ फिरवली. मोठ्या माणसाचं रडणं मले पाहवत नाही, दूध उतू गेल्यासारखं वाटते.

कोकिळा अंथरुणातून म्हणते, तुळशीराम आल्याशिवाय बारसं होणार नाही, पोरीच्या कानात नाव त्याच्यासमोर सांगायचं. मी कडूबाले विचारलं. त्यानं बराच वेळ जाळ्याची गाठ सोडवली. मंग म्हणे, "येऊ दे. तंगड्या मोडतो त्याच्या."

मी म्हटलं, "म्हणजे येऊ द्यायचा."

"तंगड्या मोडतो म्हटलं."

"ते ऐकलं. पण येऊ दे म्हटलंस तेही ऐकलं."

तो जाळं घेऊन बाहेर गेला. जाता जाता वळून म्हणे, "प्रेसमधे कापूस छातीत बसते. किती दिवस खोकत राहीन तठी?" तुहा खोकला त्याले कोणी सांगितला माहीत नाही. माही पत्रं मी हळू आवाजात लिहिते.

तर ये. कय्यूमची दमणी रविवारी बुलढाण्याहून परत निघते, तिच्यात बस. बाळंतिणीसाठी डिंक आण, अठी भेटत नाही. घरात शिरताना आडवळणानं येऊ नोको, पाळीवरून ये, सर्वांले दिसू दे. कडूबा दारातच असीन. तो मारीन. दोन खाऊन घे. तिसरी मी मारू देणार नाही.

सोजराबाई